बेपत्ता वटवट्या

"पक्षी डोळ्यांनी पाहतात ते हौशी. जाणकार माणूस पक्षी कानांनी पाहतो!"

कानसेनांनी आरामखुर्चीच्या हातावर थाप मारून हे जाहीर केलं. समोरच्या बातमीदारबाईंनी वाक्य उतरवून घेतलं खरं, पण त्यांचं लक्ष मघापासून सारखं न्हाणीघराकडे जात होतं. शेवटी कानसेनांच्या पत्नी अंगणातून लगबगीनं आत आल्या.

"अहो, कपड्यांचं मशीन पाऊण तास टिटिट करतंय. तुम्ही इथेच बसलाय ना?"

"हल्लीची यंत्रं," कानसेन बातमीदारबाईंना म्हणाले, "काम संपलं तरी सांगत नाहीत."

कानसेन हे त्यांना पाळण्यात ठेवलेलं नाव नव्हे. ते पाणीखात्यात गळती शोधायचे. रस्त्यावर लोखंडी कांडी टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि दोन हात खाली नळ कुठे ठिबकतोय ते सांगायचं. त्यांनी बोट दाखवलं तिथे मजूर पहार घालत, आणि एकतीस वर्षांत एकही खड्डा कोरडा निघाला नाही. नाव मजुरांनीच ठेवलं. निवृत्तीनंतर रिकाम्या कानाचं करायचं काय, म्हणून ते पक्षिनिरीक्षकांच्या गटात गेले. बाकीचे गळ्यात दुर्बिणी अडकवून ठेचकाळत. कानसेन हात मागे बांधून चालत आणि मध्येच थांबून म्हणत, "डावीकडे. दोन आहेत." वर्षभरात गट त्यांच्या शब्दाबाहेर राहिला नाही.

उन्हाळा लागला, पाणथळीतलं पाणी उतरलं आणि दूरदेशीचे पाहुणे उडून गेले, की गट खाडीकाठी घरच्या पक्ष्यांची मोजणी करी. त्यातला वटवट्या हा खास कानसेनांचा. अंगठ्याएवढा, मातकट, उंच लव्हाळ्यात बसतो, क्वचितच दिसतो. ऐकू येते ती सुईसारखी बारीक टिच् टिच्. दोन वर्षांपूर्वी असे एकोणीस वटवटे मोजले होते. गेल्या उन्हाळ्यात सहा. यंदा शून्य. टिटवी ऐकू येत होती, खंड्या खणखणीत ऐकू येत होता; तेव्हा कानांवर संशय घ्यायला जागाच नव्हती. शिवाय गटातल्या सगळ्यांच्या वह्यांतही शून्यच होतं. याहून भक्कम पुरावा तो कुठला?

'वटवट्या बेपत्ता!' अशी बातमी छापून आली आणि ज्यांना छापील अक्षर वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंतही कर्णोपकर्णी पोचली. नगरपालिकेला आता गुन्हेगार हवा होता. लव्हाळ्याला लागून होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाची शेड होती. होड्या कोरड्यावर ओढून खरवडायच्या, रंगवायच्या, ते दिवस नेमके हेच. त्याच्या घासणीच्या यंत्राचा आवाज मोठा होता, एवढं गुन्ह्याला पुरेसं होतं. चौकशी होईपर्यंत काम बंद, अशी नोटीस शेडच्या दाराला चिकटली.

दुसऱ्याच दिवशी होडीवाला कानसेनांच्या दारात.

"साहेब, तो कुठेही गेलेला नाही हो! रोज माझ्या शेडमागे कोकलत असतो. मी होडी घासतो, तो मला ओरडतो. शेजारी आहोत आम्ही."

"तो दुसरा कुणी असेल."

"एवढुसा, मातकट. टिच् टिच् करतो."

"टिच् टिच् बरेच जण करतात," कानसेन समजुतीनं म्हणाले. "ऐकायलासुद्धा अभ्यास लागतो."

"अभ्यास तुम्ही करा साहेब. माझ्या अकरा होड्या पालथ्या पडल्यात. पंधरा दिवसांत पाण्यात गेल्या नाहीत तर गिऱ्हाइकं तुटतील. मग शेडला कायमचंच कुलूप."

तो गेल्यावर पत्नी म्हणाल्या, "त्या माणसाच्या पोटावर पाय येण्याआधी एकदा कान दाखवून या."

"माझ्या कानांना काय धाड भरलीय? तूच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस."

"मी? अहो, तुम्हाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वरच्या मजल्यावरची बाई देते हल्ली!"

पाहणीच्या सकाळी नगरपालिकेचे अधिकारी छापील तक्ता घेऊन काठावर आले. बातमीदारबाई आल्या, गटाच्या चिटणीस म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, होडीवाला तर तिथलाच. कानसेनांचा गुडघा धरला होता म्हणून घडीचं स्टूल घेऊन त्यांच्या पत्नीही आल्या. पक्ष्यांतलं त्यांना कावळा आणि कावळा नसलेला, एवढंच कळायचं.

दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही असं ठरलं. कानसेनांनी डोळे मिटले. खंड्या ऐकू आला. लांबवर टिटवी. पाण्याची चुळबुळ. बास. त्यांनी डोळे उघडून वहीत शून्य मांडलं. शेजारी डॉक्टरीणबाईंनी त्या वहीत डोकावून पाहिलं आणि आपल्या वहीतलं काहीतरी रबरानं खोडलं. कानसेनांचे डोळे मात्र शाबूत होते.

"काय खोडलंत?"

"काही नाही हो सर. मला आपले सात वाटले होते. पण तुम्ही शून्य मांडलंत, म्हणजे रातकिडे असणार."

"सकाळी आठ वाजता रातकिडे?" होडीवाल्यानं कपाळाला हात लावला. "अहो, हा काय ओरडतोय! हा घ्या! पुन्हा!"

"शूऽ! सर ऐकतायत."

"आवाज मलाही येतोय," अधिकारी हळूच म्हणाले, "पण तक्त्यात माझ्या मताला रकाना नाही."

तेवढ्यात पत्नीनं कानसेनांची बाही ओढली. "अहो, ते बघा. त्या वाकलेल्या पात्यावर. केवढं ओरडतंय ते जीव तोडून!"

कानसेनांनी पाहिलं. पात्याच्या टोकाला वटवट्या बसला होता. चोच उघडत होती, मिटत होती. गळा थरथरत होता, सगळं अंग हलत होतं. आणि आवाज नव्हता. काचेपलीकडून कुणीतरी निरोप सांगावा तसा. इतकी वर्षं त्यांनी हा पक्षी नुसता ऐकला होता. आज तो पहिल्यांदाच इतका धडधडीत दिसत होता आणि नुसताच दिसत होता. एकोणीस, सहा, शून्य. ही उतरंड पक्ष्यांची नव्हतीच. जन्मभर दुसऱ्यांची गळती शोधली. स्वतःची गळती थेंबाथेंबानं चालली होती, तिथे कांडी कशी लावणार?

'हा वटवट्या नव्हे,' एवढं म्हटलं की भागणार होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. कानसेनांना भीती वाटली ती त्याचीच. त्यांनी पालथ्या होड्यांकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"वटवट्या आहे. तो कुठेही गेलेला नाही. माझा कान गेलाय."

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. "बघा! एका कष्टकऱ्याची शेड वाचावी म्हणून सर स्वतःच्या कानावर आळ घेतायत!"

"'थोर मनाचा निरीक्षक'," बातमीदारबाई लिहू लागल्या.

"म्हणजे नोटीस लागू पडली," अधिकारी खूश झाले. "काम बंद केलं आणि पक्षी परत आला. आता बंदी कायमच करू!"

होडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, मला ऐकू येत नाही!" कानसेन ओरडले.

"काय हा विनय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हिला विचारा!"

"दोन वर्षं सांगतेय," पत्नी म्हणाल्या.

"घरच्यांची साक्ष चालत नाही," अधिकारी म्हणाले.

कानसेनांनी डॉक्टरीणबाईंच्या हातातली वही घेतली आणि पान उन्हाकडे तिरपं धरलं. खोडलेले आकडे कागदावर उमटून राहिले होते. आजच्या शून्याखाली सात, नोटिशीआधीच्या मोजणीतल्या शून्याखाली वीस. मागच्या उन्हाळ्याच्या सहाखाली अठरा. त्याआधीच्या एकोणीसखाली मात्र काहीच खोडलेलं नव्हतं.

"अठरा खोडून सहा कुणी केले?"

"मीच. तुमच्याशी जुळवायला," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. कानसेनांना ते ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं.

अधिकाऱ्यांनी वही दोनदा पाहिली, शेडकडे गेले आणि नोटीस सोलून काढली. होडीवाला धन्यवाद द्यायलाही थांबला नाही, घासणीचं यंत्र हातात घेऊन फक्त एवढंच ओरडला, "मोजून झालं की सांगा, मग लावतो!"

"तज्ज्ञांचा रकाना तेवढा राहिला," अधिकारी परत येऊन म्हणाले. "तो मोकळा सोडता येत नाही. किती लिहू?"

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल सरसावली. बातमीदारबाईंनी पान उलटलं. सगळे पुन्हा कानसेनांच्या तोंडाकडे पाहू लागले. कानसेनांनी घडीचं स्टूल उघडलं, लव्हाळ्याकडे तोंड करून नीट ठेवलं आणि त्यावर पत्नीला बसवलं.

"अगं," ते म्हणाले, "जरा मोजून सांग ना. आणि जोरात."