सहासष्ट नंबरचं कोडं

"यंदा एकही घोळ होणार नाही!" यान मास्तरांनी चहाचा पेला टेबलावर असा आपटला, की मित्रमंडळाच्या बैठकीत झोपलेले दोघे सभासद दचकून जागे झाले आणि त्यांनी हात वर करून ठरावाला पाठिंबा दिला.

ठराव अजून मांडलाच नव्हता!

ऐकत्या बांबूंची बाग तशी लहान. एक तळं, एक वाकडातिकडा पूल, दोन माळी. बाकी सगळा गाडा तोंगहे गावातल्या निवृत्त माणसांचं हे मित्रमंडळ ओढायचं. उन्हाळ्यात कमळांचा चहा, शरदात शेवंतीचं प्रदर्शन आणि नवं वर्ष लागलं की पहिल्या पौर्णिमेला कंदिलांखाली कोडी. बागेच्या व्यवस्थापक पाओ बाई मात्र त्या दिवशी काळजीत होत्या.

"मास्तर, वरून निरोप आलाय," त्या म्हणाल्या. "यंदा गर्दी झाली नाही, तर पुढच्या वर्षापासून कोडी नव्या मॉलच्या चौकात."

"मॉलमध्ये? सरकत्या जिन्यावर उभं राहून कोडी सोडवायची?" मास्तर भडकले. "अहो, चौतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं लावलीत मी! एक पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. गर्दीही होईल आणि शिस्तही राहील. ऐका!"

गेल्या वर्षी लोकांनी कोड्यांचे कागद तोडून त्यात शेंगदाणे बांधून नेले होते. म्हणून मास्तरांनी नवी पद्धत काढली होती. कागदाला हात लावायचा नाही. कोडं वाचायचं, नंबर लक्षात ठेवायचा आणि बक्षिसाच्या टेबलापाशी येऊन फक्त नंबर आणि उत्तर सांगायचं. उत्तरांची यादी मास्तरांकडे. शंभर कोडी, शंभर लाल कागद. सगळी मास्तरांच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली.

"आमचेही लाल कागद लागतील हं त्या दिवशी," खांग काकूंनी मध्येच तोंड घातलं. "रविवारच आहे नाहीतरी. लांब पडवीत आमची मंडळी असणारच. आम्हीही नंबरच घालणार. फोनबिन काही नाही, चौकशी माझ्याकडे."

मास्तरांनी नाक मुरडलं. दर रविवारी बागेच्या लांब पडवीत लग्नाळू मुलामुलींचे आईबाप जमायचे आणि पोरांची माहिती कागदावर लिहून दोरीला लटकवायचे. पोरं बिचारी आठवडाभर राबून कुठेतरी झोपलेली असायची. मास्तरांना हा प्रकार बिलकुल पसंत नव्हता. त्यांची चिंगयी पस्तीस वर्षांची. सूचौ शहरात लिफ्ट तपासनीस होती. दोन वर्षांपूर्वी आईने तिचा कागद पडवीत लावला. पोरीने तो पाहिला, बॅग उचलली आणि गेली, ती वर्षभर घरी फिरकली नाही! शेवटी मास्तरांनी फोनवर शब्द दिला, "पुन्हा तुझं नाव त्या दोरीला लागलं, तर मी स्वतःला लटकवून घेईन!" तेव्हा कुठे पोरगी घरी यायला लागली.

यंदा ती सणाला येणार होती. मास्तरांना आणखी काय हवं?

पण घरात सुइचेन होती. सुइचेन म्हणजे मास्तरांची बायको. तिचं अक्षर मोत्यासारखं. खांग काकूंनी तिला गळ घातली, "पडवीचे शंभर कागद तेवढे लिहून दे गं." सुइचेनने मास्तरांच्या नकळत लिहून दिले. निम्म्याच्या पुढे गेल्यावर हात थोडा घसरला आणि सहासष्टाव्या कागदावर चिंगयी उतरली. नाव नाही हं, नुसती माहिती. नाव लिहायचं नाही, एवढा तिने नवऱ्याचा शब्द राखला.

आता तोंगहेत असं एकही घर नाही, जिथे शरदातल्या चंद्रपोळ्यांचे रिकामे डबे जपून ठेवलेले नसतात. यानांच्या घरी दोन होते, दोन्ही सोनेरी, दोन्हींवर एकच ससा. एकात मास्तरांची कोडी, दुसऱ्यात सुइचेनची लग्नं. तिने आपला डबा तांदळाच्या पिंपामागे लपवला. आणि मास्तरांना आदल्या दिवशी वाटलं, माळ्यावर ओल आहे, कागद खराब होतील. त्यांनी आपला डबा कुठे ठेवावा? तांदळाच्या पिंपामागे!

सकाळी घाईत त्यांनी हात घातला, ससा लागला, ससा घेऊन निघाले. थोड्या वेळाने खांग काकू आल्या, सुइचेनने हात घातला, ससा लागला, ससा देऊन टाकला.

कंदिलांना कागद चिकटवायला जे दोन सभासद शिडीवर चढले, ते बैठकीत झोपणारेच दोघे. वर बघताना चष्मा पडतो म्हणून दोघांनीही तो खिशात ठेवलेला! नंबर तेवढे मोठे होते, ते क्रमाने लागले. मास्तर टेबलावर साबण, टॉवेल आणि तिळाच्या गोळ्यांची पाकिटं मांडण्यात गुंग.

दहा वाजता दार उघडलं. पहिला एक म्हातारा गृहस्थ आला.

"बारा नंबर. उत्तर, मांजर!"

मास्तरांनी यादी पाहिली. बारा, मेणबत्ती. "चूक!"

"चूक कशी? मासे आवडतात, दोन खोल्यांत एकटी राहते, सासूबरोबर राहणार नाही म्हणते. मांजरच!"

मास्तरांना एवढंच कळलं, की माणसाला ऐकू कमी येतं. "पुन्हा वाचून या, आजोबा!"

मग एक बाई आल्या. "सत्तावीस. दारू नाही, सिगारेट नाही, मित्र नाहीत, आईचं ऐकतो. उत्तर, उशी!"

"चूक!" सत्तावीस म्हणजे किटली.

"मग भाताचा कुकर?"

"चूक!"

अकरा वाजेपर्यंत टेबलासमोर रांग वाकड्या पुलापर्यंत गेली आणि एक साबणसुद्धा हलला नाही! मास्तरांची छाती कंदिलासारखी फुगली. पाओ बाई धावत आल्या. "मास्तर, काय लिहिलंत हो तुम्ही? लोक फोन करकरून नातेवाईक बोलावतायत! म्हणतात, असली कोडी जन्मात पाहिली नाहीत!"

"डोकं लागतं, बाई," मास्तर नम्रपणे म्हणाले. "सोपी कोडी कुणीही लिहील."

तेवढ्यात रांग मोडून चिंगयी आली. सकाळच्या बसने उतरून ती थेट बागेत आली होती. पाठीवर बॅग तशीच, चेहरा पांढरा.

"बाबा, सहासष्टचं उत्तर काय?"

"अगं, आलीस? बस ना! चहा घे. उत्तर नाही हं सांगता येत. घरच्यांना तर मुळीच नाही!"

"मग मी सांगते. सहासष्टचं उत्तर मी आहे."

मास्तरांनी यादीवरून बोट फिरवलं. "चूक! सहासष्टचं उत्तर भोपळा आहे."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. चिंगयीने फोन पुढे केला. त्यावर कागदाचा फोटो होता. "वाचा."

मास्तरांनी वाचलं. "स्त्री, पस्तीस. उंची एक मीटर चौसष्ट. दिवसभर वर जाते, खाली येते. तापट, पण लवकर निवते. कोथिंबीर चालत नाही. खोटं बोलता येत नाही, म्हणून मैत्रिणी कमी."

अक्षर मोत्यासारखं होतं.

"तुम्ही शब्द दिला होता, बाबा," चिंगयी हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "निदान दोरीला तरी लावायचं. कंदिलाला लावलंत? बक्षीस ठेवून?"

मास्तरांच्या हातातून यादी गळाली. "पोरी, देवाशपथ, मला यातलं काही..." आणि मध्येच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "हे इथे आहे, तर माझी कोडी कुठे आहेत?"

उत्तरादाखल लांब पडवीतून आरडाओरडा ऐकू आला.

मास्तर धावले. मागे चिंगयी, तिच्यामागे सगळी रांग. पडवीत पन्नासएक आईबाप दोरीखाली उभे होते आणि खांग काकू वही छातीशी धरून घामाघूम झाल्या होत्या.

"हा एकतीस नंबर बघा!" एक बाई तणतणत होत्या. "'आठ भाऊ एका खोलीत दाटीने राहतात. एक बाहेर पडला की सगळी गल्ली नाक दाबते.' अशा घरात माझी मुलगी द्यायची?"

"त्यापेक्षा हा बरा," त्यांचे यजमान म्हणाले. "'एकच पाय. ऊन असलं की घरात, पाऊस आला की कामावर.' अपंग आहे बिचारा, पण कष्टाळू आहे हो."

"ऊन असताना घरात बसतो, तो कसला कष्टाळू?"

पलीकडे एक वडील खांग काकूंच्या मागेच लागले होते. "बारा नंबर. 'जितकं जास्त काम करतो, तितका लहान होत जातो.' म्हणजे नोकरीत बढती नाही का?"

"आणि सत्तावीस! 'तापला की शिट्ट्या मारतो!'" दुसरी आई म्हणाली. "हे लिहून वर लग्न करायचंय! काय धाडस म्हणायचं!"

"थांबा!" मास्तर बाकावर चढले. "तो लसूण आहे! लसूण! एकपाय्या म्हणजे छत्री! लहान होणारी मेणबत्ती आणि शिट्टी मारते ती किटली! ही माझी कोडी आहेत!"

कष्टाळू जावयाची स्वप्नं बघणारे यजमान खिन्नपणे म्हणाले, "छत्री? मग स्वतःचं घर नसेलच."

खांग काकूंमागे सुइचेन उभी होती. तिच्या हातात तिळाच्या पिठाची पिशवी होती. नवऱ्याकडे न बघता ती लेकीकडे बघत म्हणाली, "त्यांना नको बोलूस. मी लिहिलं. त्यांना पत्ताच नव्हता."

"आई!"

"दुसऱ्यांच्या पोरांचं लिहून लिहून हात दुखला गं. पगार, घर, गाडी, सगळ्यांचं तेच तेच. म्हटलं, माझी पोर कशी आहे ते एकदा कुठेतरी लिहावं. तू घरी थांबतेस दोन दिवस. त्यात तुला काही विचारायची चोरी. मग कुणाला सांगू?"

चिंगयीने फोनमधला फोटो पुन्हा एकदा वाचला. मग नाक ओढून म्हणाली, "मैत्रिणी कमी नाहीत माझ्या. चार आहेत."

"चार कमीच," सुइचेन म्हणाली.

"आणि कोथिंबीर चालत नाही, हे लग्नाच्या कागदावर लिहितं का कुणी?"

"नंतर भांडणं नकोत म्हणून लिहिलं."

चिंगयीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण मास्तरांनी पाहिलं आणि ते बाकावरून खाली उतरले.

आता निस्तरायला हवं होतं. मास्तर कंदिलांकडे परतले आणि शिडी मागवली. पण कागद काढू देईल ती गर्दी कसली!

"काढू नका हो, मास्तर! माझं अजून अर्धंच सुटलंय!"

"ही लग्नाची स्थळं आहेत!" मास्तर ओरडले.

"माहितीये! म्हणून तर भावाला बोलावलंय!"

पाओ बाई दाराशी माणसं मोजत होत्या आणि त्यांचा चेहरा शेवंतीसारखा फुलला होता. त्यांनी मास्तरांना हात जोडले. "मास्तर, तुमच्या पाया पडते, शिडी ठेवा. मॉलमध्ये कुत्रंसुद्धा नाहीये आज!"

आणि सहासष्ट नंबरखाली तर घोळकाच जमला होता. "दिवसभर वर जाते, खाली येते. लिफ्टच!" "लिफ्टला कोथिंबीर कशी देणार?" "समुद्राची भरती असेल." या सगळ्यांत एक चाळिशीचा उंच माणूस कागद वाचून एकटाच हसत उभा होता. त्याने मागे वळून पाहिलं, चिंगयी दिसली आणि त्याचं हसणं जागच्या जागी थांबलं.

"यान तपासनीस!" तो म्हणाला. "तरीच! मला पहिल्याच ओळीला शंका आली होती!"

"मेंग?" चिंगयीच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही इथे?"

"माझ्या आईचं घर इथे आहे. ती पडवीत आहे. माझा कागदही असेल कुठेतरी." तो मास्तरांकडे वळला. "काका, मी सूचौला एका इमारतीचं बघतो. यांनी वर्षभरात तीनदा आमची लिफ्ट बंद केली. खोटं बोलता येत नाही, हे अगदी खरं लिहिलंय. लवकर निवते, हे मात्र पटवून द्यावं लागेल कुणीतरी मला."

"चौथ्यांदाही बंद करेन," चिंगयी म्हणाली.

"चहा घेता घेता कराल का?"

आणि ती चक्क हो म्हणाली!

दोघं तळ्यामधल्या मंडपात जाऊन बसली. झालं! कोडी राहिली बाजूला, सगळी बाग काठावर गोळा झाली. सुइचेनने मास्तरांचा हात इतका घट्ट धरला, की बोटं निळी पडली. खांग काकूंनी वही उघडून सहासष्टच्या पानावर पेन्सिल टेकवून ठेवली.

"हसतोय हो तो," सुइचेन पुटपुटली.

"ती कागदावर काहीतरी काढून दाखवतेय," मास्तर टाचा उंचावून म्हणाले. "घराचा नकाशा असेल."

"त्याने मान हलवली! दोनदा!" खांग काकूंनी लिहून घेतलं.

तासाभराने दोघं उठली. मेंगने वाकून नमस्कार केला आणि तो आईला शोधायला गेला. चिंगयी पुलावरून येईपर्यंत सुइचेनला धीर निघाला नाही, तिने अर्ध्या पुलावरच गाठलं.

"काय ठरलं?"

"मंगळवारी सकाळी दहा वाजता."

"इतक्या लवकर?" सुइचेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, जरा खरेदी तरी..."

"एक दिवससुद्धा उशीर चालणार नाही, आई. दोर पार झिजलेत. मंगळवारी दहाला त्याची लिफ्ट बंद. चौदा मजले चढू देत सगळ्यांना."

मास्तर मागोमाग येऊन पोचले. "आणि... माणूस कसा वाटला?"

चिंगयीने जरा विचार केला. खोटं तर तिला बोलता येत नव्हतं.

"माणूस बरा आहे, बाबा," ती म्हणाली. "दोर खराब आहेत."

खांग काकूंनी पेन्सिलीला थुंकी लावली आणि वहीत मोठ्या अक्षरांत नोंद केली, "सहासष्ट. दोर बदलल्यावर पुन्हा विचारणे."