बिनविरोध नको!

सेंदाईतल्या आमच्या बसथांब्यावर रोज सकाळी एक सहा फुटी गृहस्थ रांगेतल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करत. प्रत्येकाशी! जपानी माणूस भेटला की कमरेत वाकतो, आणि समोरून अचानक हात आला की तो थेट नाकावर बसतो. दोन-चार नाकं अशी शेकल्यावर रांग शहाणी झाली. हे दिसले की सगळे आपणहून हात पुढे करून उभे राहत. आणि गंमत म्हणजे यांना बसनं कुठं जायचंच नसे! हात मिळवून झाले की ते घरी परतून नाश्ता करत.

हे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी, ऑनरेबल कथबर्ट. कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाचे माजी मंत्री. "नकाशात शोधू नका, मिसेस लेले," ते म्हणत, "छापणाऱ्यानं माशी बसली समजून पुसून टाकलंय."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा श्रीकांत तिथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा आणि ऑनरेबलांची मुलगी मार्वा माशांवर. निवडणूक हरल्यावर ते लेकीकडे तीन महिने म्हणून आले, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं.

शाळामास्तर, मग बंदरावर केळी चढवणाऱ्या हमालांचे पुढारी, मग मंत्री. हा सगळा प्रवास मी आमच्या खोलीत प्रत्यक्ष पाहिला आहे. हमालांचा संप सांगताना ते आमच्या बुटक्या टेबलावर चढले, माझी पोह्यांची बशी उचलली आणि गरजले, "हा गव्हर्नर!" संप यशस्वी होईपर्यंत त्यांनी गव्हर्नर चाटूनपुसून खाल्ला होता.

"पोहे उत्तम होते. नोंद व्हावी!"

'नोंद व्हावी' हे त्यांचं पालुपद. जपानात आपल्या मापाच्या चपला मिळत नाहीत, नोंद व्हावी. कचरा वेगळा करायला वकील लागतो, नोंद व्हावी.

"अगं, यांच्यासाठी एक कारकून ठेव," श्रीकांत म्हणायचा.

शेवटच्या निवडणुकीबद्दल मात्र एवढंच कळलं होतं, की अगदी थोड्या मतांनी गेली. ती त्यांनी टेबलावर चढून कधी सांगितली नाही. एकदा जिन्यात थांबून हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा निवडून यायचंय, मिसेस लेले. कशावरही. मग मी सुखानं मरेन."

आणि संधी आली! आमच्या जिन्यात आठ घरं. दरवर्षी मार्चमध्ये त्यातलं एक 'हानचो' व्हायचं, म्हणजे जिन्याचं प्रमुख. कावळ्यांनी उपसू नये म्हणून कचऱ्यावर जाळी टाकायची, सूचनांची फाइल घरोघर फिरवायची, बागेतलं गवत काढायला लोकांना उठवायचं. हे पद कुणालाच नको असे. सभेत सगळे चहाच्या कपात बघत बसत आणि शेवटी ज्याचं नाव चिठ्ठीत निघे तो सुतकी चेहऱ्यानं घरी जाई.

या पदासाठी ऑनरेबलांनी प्रचार सुरू केला! घरोघर केळ्याचा केक आणि मी जपानीत लिहून दिलेलं पत्रक. तळमजल्यावरचे म्हातारे सातो-सान मला बाजूला घेऊन म्हणाले, "लेले-सान, यांना बरं नाहीये का? आम्ही काही मदत करू का?"

सभेच्या दिवशी ऑनरेबल सूट घालून आले. पंधरा मिनिटं कावळ्यांविरुद्ध बोलले. मी घाम पुसत भाषांतर करत होते. सातो-सानांच्या चेहऱ्यावर तर दिवाळी. "कुणाची हरकत नसेल तर कथबर्ट-सानच..."

"थांबा!" ऑनरेबल गरजले. "बिनविरोध नको. बिनविरोध म्हणजे निवडणूक नव्हे. विरोधी उमेदवार कोण?"

सातही घरं चहाच्या कपात बघू लागली. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मिसेस लेले, लोकशाहीसाठी!"

"अहो, पण मला ते पद नकोय!"

"मग चांगलंच आहे. पडायला सोपं जाईल."

उभी राहिले बाई! आठ घरं, आठ चिठ्ठ्या. जन्मात पहिल्यांदाच मतदान रंगलं त्या जिन्यात. लोक हातानं चिठ्ठी झाकून लिहीत होते, एकमेकांकडे संशयानं बघत होते. मी अर्थातच त्यांचं नाव लिहिलं. सातो-सानांनी मोठ्यानं मोजणी केली. पहिली चिठ्ठी कथबर्ट. दुसरी कथबर्ट. सातवीपर्यंत कथबर्ट! ऑनरेबल डोळे मिटून ऐकत होते. आठवी निघाली, माझ्या नावाची.

टाळ्या! सातो-सानांनी चक्क "बान्झाई!" असा जयजयकार करत हात वर केले. पोरीसारखी ओरडत मार्वानं बापाला मिठी मारली.

मला मात्र त्या आठव्या चिठ्ठीनं छळलं. कप गोळा करताना मी ती उलगडली. बाकीच्या जपानी जिन्यात रोमन अक्षरं लिहिणारी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. आणि तिथं हिरव्या शाईत, मंत्र्याच्या वळणदार सहीच्या थाटात लिहिलं होतं, 'मिसेस लेले'.

"हे काय?" मी त्यांना दारातच गाठलं. "स्वतःचं मत मला? इतकं निवडून यायचं होतं ना तुम्हाला? थोडक्यात हरला असता तर?"

ते कितीतरी वेळ बूट घालत राहिले.

"आमच्याकडे निकाल गावागावाच्या पेटीनुसार वाचतात," ते म्हणाले. "रेडिओवर. सगळं बेट ऐकतं. मी जन्मलो त्या गावाची पेटी वाचली, तेव्हा माझ्या नावापुढे शून्य म्हणाले."



"शून्य ऐकून घरी जाऊ नये कुणी, मिसेस लेले." त्यांनी नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "माझा धाकटा भाऊ राहतो त्या गावात."