हायजियादेवीचा सप्ताह

ऑटोस. ग्रीक. म्हणजे स्वतः.

सुरुवात माझ्यापासून करतो. तशी माझी सवयच आहे.

इंग्रजी भाषेत अवघड असं काहीही नाही! शब्द दिसला की त्याचे पाय धरायचे, उलटा टांगायचा आणि झटकायचा. एका खिशातून ग्रीक पडतं, दुसऱ्यातून लॅटिन. झालं! शब्द रिकामा. हे मी डोंबिवलीला आमच्या ओटीवर बसून इतक्यांदा सांगितलं होतं, की मी नुसतं "शब्द" म्हटलं तरी माझी बायको सुमती सूप उचलून आत घेऊन जायची. न जाणो, खिशातलं तांदळात पडायचं!

"प्रमोदिनीची तयारी मी करून घेणार," मी जाहीर केलं. "आठ दिवसांत!"

प्रमोदिनी म्हणजे माझी मेहुणी, परीक्षेसाठी आमच्याकडे येऊन राहिलेली. वय एकोणीस, मॅट्रिक पास, जीभ बी.ए. पास. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ डॉक्टर टिपणिसांचं इस्पितळ होतं आणि मी तिथे कारकून. डॉक्टर त्या साली नर्सिंग शिकवायला चार मुली घेणार होते, तोंडी परीक्षा स्वतः घेऊन. तीन जागा भरल्या होत्या. चौथी मिळाली तर प्रमोदिनी शिकणार. नाही मिळाली तर माझे सासरे श्रीपादराव यांनी कल्याणचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. नवरा मुलगा बेचाळीस वर्षांचा! मुलगी बघायला आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता, "अळूवडी सुटत नाही ना गं तुझी?"

"भावोजी," प्रमोदिनी म्हणाली, "मी नापास झाले ना, तर पहिला घाणा तुमच्या डोक्यावर तळीन."

डॉक्टरांनी आपलं एक पुस्तक मला दिलं. वैद्यकातल्या शब्दांची ग्रीक आणि लॅटिन मुळं, आणि प्रत्येक मुळाला लोंबकळणारी देवादिकांची गोष्ट. "यातलंच विचारणार. परीक्षेला येताना पुस्तक परत. माझं फार आवडतं आहे, पारायणं केलीत मी याची."

त्या काळी काही विलायती पुस्तकं कडा न कापता यायची. दोन-दोन पानं पाकिटासारखी जोडलेली; ज्याला वाचायचं त्याने सुरीने कापून घ्यायची. या पुस्तकाची अर्ध्यापुढची सगळी पानं अजून जोडलेलीच होती. पानं न उघडता पारायण कसं करतात, हे कारकुनाने विचारायचं नसतं.

पुस्तक कुणाचं, असं शेजारीपाजारी विचारत होते. मी "आपलंच" म्हणत होतो. तेवढंच बरं वाटतं हो माणसाला!

टोमे. ग्रीक. म्हणजे कापणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर बसलो आणि स्वयंपाकघरातली सुरी घेऊन जोडलेली पानं कापू लागलो. समोरच्या पानावर एक सुंदर चित्र होतं. पायघोळ वस्त्रातली एक बाई, हातात वाटी, दंडावरून उतरलेला साप वाटीत तोंड घालून पितोय. मी चित्राकडे बघितलं, सुरीने माझ्याकडे बघितलं नाही. खर्रकन घसरली आणि सापाची शेपटी दोन बोटं चिरली गेली!

मागून किंकाळी आली. आमच्या घरमालकीण आवडाबाई! पुढच्या दोन खोल्यांत त्या राहत, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि चारही खोल्यांत त्यांचा कायदा.

"मधू! आज सुरी?"

"कागद कापतोय, आवडाबाई."

"आज काय आहे?"

"गुरुवार."

"नागपंचमी आहे, मेल्या! सकाळपासून घरात विळी उभी नाही केली आम्ही! तुझ्या बायकोने भेंडी हाताने मोडली! दिंडं उकडायला ठेवलीत, तवासुद्धा चढवला नाही! आणि तू..." इतक्यात त्यांना चित्र दिसलं. आवाज एकदम खाली आला, आणि तो जास्त भयंकर होता. "नागाला दूध पाजतेय रे ती. आणि तू तिच्या नागाची शेपटी कापलीस. पंचमीला."

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण ज्ञान! ज्ञान कुठे बसू देतं?

"तो आपला नाग नव्हे हो. ही हायजिया. ग्रीक लोकांची आरोग्याची देवता."

"देवता?"

"म्हणजे तसं नव्हे..."

"देवता म्हणालास! सुमती, ऐकलंस ना?"

"ऐकलं," सुमती आतून म्हणाली. घर फितूर असलं की किल्ला पडायला वेळ लागत नाही.

मिथॉस. ग्रीक. म्हणजे कहाणी.

प्रकरण हसण्यावारी न्यावं म्हणून मी श्रावणातल्या कहाणीच्या चालीवर सुरू केलं. ऐका आरोग्यदेवी, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. तिथे अस्क्लेपियस नावाचा एक वैद्य होता. सूर्यासारख्या तेजस्वी देवाचा मुलगा. अर्धा माणूस आणि अर्धा घोडा अशा गुरूकडे शिकला. तो मेलेली माणसं उठवू लागला. यमाच्या दारात शुकशुकाट झाला. यम गेला थोरल्या देवाकडे, थोरल्या देवाने टाकली वीज, वैद्य पडला. मागे लेकी राहिल्या. एक पॅनासिया, ती सगळ्या रोगांवर एकच औषध देई. दुसरी हायजिया. ती म्हणे, रोग होऊच कशाला द्यायचा?

"शहाणी गो बाय!" आवडाबाई म्हणाल्या.

मला चेव चढला. शेजारच्या मालनवहिनी लाह्यांची वाटी घेऊन आलेल्या, त्याही बसल्या. मी "उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये" असं इतकं रंगून म्हटलं की मालनवहिनींनी हातच जोडले. मला वाटलं, जिंकलो!

अर्ध्या तासाने पुस्तक चौरंगावर होतं. खाली तांदूळ, वर आघाड्याचा हार, चित्राला हळदकुंकू, सापाच्या चिरलेल्या शेपटीवर चंदनाचं लिंपण आणि समोर दूध-लाह्या.

"सात दिवस पूजा," आवडाबाईंनी प्रायश्चित्त सांगितलं. "तोवर या देवीला सुरी लावायची नाही, जागची हलवायची नाही. आठव्या दिवशी खाडीत विसर्जन."

आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता परीक्षा होती.

फोबोस. ग्रीक. म्हणजे भीती.

पहिला दिवस. मी चौरंगाजवळ गेलो.

"आंघोळ झाली?"

"झाली."

"चहा झाला?"

"झाला."

"मग लांब हो."

दुसरा दिवस. चहा न घेता गेलो. त्या सकाळी आवडाबाई विहिरीवरून दोन कळशा घेऊन आल्या, आणि चार वर्षांत पहिल्यांदा गुडघा धरून "आई गं" म्हणाल्या नाहीत. कळशा खाली ठेवून त्यांनी चौरंगाला लोटांगण घातलं. मी तसाच मागे फिरून चहा प्यायलो. ज्या देवीने गुडघा बरा केला तिला आता कोण उचलणार? माझ्या बापाची टाप नव्हती!

"भावोजी, सहा दिवस राहिले," प्रमोदिनी म्हणाली. "तोंडाने सांगा ना मग. मूत्रपिंडाला काय म्हणतात?"

खरं म्हणजे मी अजून पाचव्या पानापर्यंतच पोचलो होतो. "घाई करू नये," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला ग्रीकमध्ये शब्द नाही. मग ती तरातरा आवडाबाईंकडे गेली.

"आवडाबाई, सप्ताह मांडलाय आणि पोथी वाचायला कुणी नाही? देवी रिकामी बसलीय."

"अगो, पण इंग्रजी पोथी वाचणार कोण?"

"मी. मराठीत अर्थ सांगून."

"सोवळ्यात?"

"सोवळ्यात."

बघता बघता पाट मांडला गेला. केस ओले, सोवळ्याचं पातळ, समोर निरांजन. प्रमोदिनीने पहिला अध्याय उघडला. पोथीची पानं उलटायला कुणाची हरकत असणार?

"कार्डिया म्हणजे हृदय!"

"कार्डिया म्हणजे हृऽऽदय!" मागून आवडाबाई, सुमती आणि मालनवहिनी.

"नेफ्रोस म्हणजे मूत्रपिंड!"

"नेफ्रोस म्हणजे मूऽऽत्रपिंड!"

"आर्थ्रॉन म्हणजे सांधा!"

"हा माझा!" आवडाबाई गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या. "परत म्हण."

तिसऱ्या दिवशी प्रोमिथियसची गोष्ट आली. त्याने देवांचा अग्नी चोरून माणसांना दिला, म्हणून त्याला खडकाला बांधलं. रोज गरुड येऊन त्याचं यकृत खाई आणि रोज ते पुन्हा वाढे. यकृत म्हणजे हेपार. मालनवहिनींच्या डोळ्यांना धार लागली. आवडाबाईंना मात्र वेगळीच शंका. "चूल पेटवायला दिलंन त्याने, त्यात चोरी कसली? आणि अख्ख्या गावात गरुडाला हाकलायला एक बाई नव्हती?"

चौथ्या दिवशी जोडलेली पानं सुरू झाली. सुरी तर लावायची नाही! मग प्रमोदिनी मान वाकडी करायची, गाल चौरंगाला टेकवायची आणि पाकिटात डोकावल्यासारखी पानाच्या आत बघून वाचायची. मागच्या तिघींना वाटलं, हा विधीच आहे. त्यांनीही गाल जमिनीला टेकवले. पाचव्या दिवशी गल्लीतल्या सात बायका एका कुशीवर कलंडून "ऑस्टिऑन म्हणजे हाऽऽड" म्हणत होत्या. पोस्टमन दारात आला, टोपी काढली आणि पत्र न देताच निघून गेला.

अध्याय संपला की आवडाबाई प्रश्न विचारायच्या. अचूक उत्तर आलं तरच हातावर प्रसाद! सुमतीला एकदा लॅटिन आलं नाही, तिला शिरा मिळाला नाही.

मी? मी आघाडा आणून देत होतो.

फ्लूव्हिउस. लॅटिन. म्हणजे नदी. खाडीला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

आठवा दिवस. सकाळी सात वाजता आवडाबाई पुस्तक ताम्हनात घेऊन खाडीकडे निघाल्या. मी वाटेत आडवा झालो. अगदी खरोखरचा, पायरीवर!

"आवडाबाई! पुस्तक माझं नाही हो! डॉक्टरांचं आहे! आज परत नाही केलं तर हिची जागा जाईल, माझी नोकरी जाईल आणि मार्गशीर्षात ही कल्याणला अळूवड्या तळायला बसेल!"

आवडाबाई थांबल्या. "तू तर आपलंच म्हणालास."

"म्हणालो."

"आणि सात दिवस गप्प बसलास? अरे, पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला? दुसऱ्याच्या घरचा देव कुणी बुडवतं का? अक्षता टाकायच्या, हात जोडायचे आणि माहेरवाशिणीसारखी ओटी भरून पाठवणी करायची!" त्यांनी पूजेतली सुपारी तेवढी खाडीत सोडायला वेगळी काढली. "सुमती, खण आण. नारळ आण. ऊठ रे तू पायरीवरून, बायकांना जाऊ दे."

सात दिवसांचा घोर एका वाक्यात सुटला असता. पण ते वाक्य "मी खोटं बोललो" असं होतं, आणि ते मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

व्होक्स. लॅटिन. म्हणजे आवाज.

अकरा वाजता डॉक्टर टिपणिसांच्या टेबलावर खणात गुंडाळलेलं, नारळासकट पुस्तक ठेवलं गेलं. डॉक्टरांनी ते उघडलं. हायजिया मळवट भरून बसलेली. पानातून एक लाही पडली.

"हे काय आहे?"

"पाठवणी," प्रमोदिनी म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी त्यांनी घसा खाकरून पहिला प्रश्न टाकला. "हेपार?"

"हेपार म्हणजे यकृत!" प्रमोदिनी चालीवर म्हणाली, आणि थांबेचना. हेपार, मग हेपटायटिस, त्यातलं 'आयटिस' म्हणजे दाह, मग प्रोमिथियस, खडक, गरुड...

"पुरे, पुरे."

"अध्याय अर्धवट सोडत नाहीत," ती म्हणाली आणि पुढे गेली. डॉक्टर पानं उलटत तिच्या मागे धावू लागले. आणि मग त्यांची बोटं जोडलेल्या पानांवर अडली. प्रमोदिनी पाकिटाच्या आतलं म्हणत होती! डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं. मान वाकडी केली. गाल टेबलाला टेकवला आणि आत डोकावले.

त्याबरोबर प्रमोदिनीने सवयीने हात जोडले.

मग गाल टेबलावरच ठेवून डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. अक्षर न् अक्षर." उठून बसले, कुंकवाचा गाल पुसला. "चौथी जागा तुमची."

मी कोट सारखा केला. प्रमोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि खरं सांगतो, माझ्याही. आठ दिवसांत म्हटलं होतं, आठ दिवसांत!

"कोणी शिकवलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी अर्धा उठलो.

"आवडाबाईंनी," प्रमोदिनी म्हणाली.

मी बसलो.

निहिल. लॅटिन. म्हणजे काहीही नाही.

सासऱ्यांनी कल्याणला नकार कळवला. डॉक्टरांनी पुस्तक पुन्हा आमच्याकडे धाडलं, सोबत बाकीच्या तीन मुलीही धाडल्या. सोमवारपासून ओटीवर वर्ग. पहिल्याच दिवशी मी धोतर झटकून पुढे गेलो आणि आवडाबाईंना म्हणालो, "तुम्ही दमलात. आता मी शिकवतो."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"फुप्फुसाला लॅटिन काय?"

मी शब्दाचे पाय धरले. उलटा टांगला. झटकला. काही पडलं नाही.

"पल्मो," तिन्ही मुली म्हणाल्या.

"मागे बस," आवडाबाई म्हणाल्या.

बसतो. मागची जागा तशी वाईट नाही हो. वारा येतो.