सरांचा पुढचा टप्पा

त्या दिवशी सकाळी बाबा नेहमीप्रमाणे डबा घेऊन कॉलेजला निघाले आणि आईने नेहमीप्रमाणे त्यांच्या हातात एक रिकामी पिशवी दिली. डबा जाताना भरलेला असे आणि येताना रिकामा. पिशवीचं उलट होतं. ती संध्याकाळी कागदी कप, संपलेली पेनं, फळांची सालं आणि चुरगळलेली परिपत्रकं घेऊन घरी येई.

"लोकांचे नवरे कामावरून पगार आणतात," आई म्हणाली. "आमचे कचरा आणतात."

"पगारही आणतो," बाबा म्हणाले. "पण तो टिकत नाही."

मग चपला घालता घालता त्यांनी मला सांगितलं, की कॉलेजातल्या दिव्याचा बल्ब गेलाय, लायब्ररीतून येताना एक घेऊन ये. मी बरं म्हटलं. ते गेले.

या पिशवीमागे एक धोरण होतं. बाबांचं कॉलेज कचरामुक्त म्हणून घोषित झालं होतं. घोषणेआधी तपासणी समितीने सबंध आवार पालथं घातलं आणि कचरा मोजणं अवघड आहे असं ध्यानात आल्यावर कचरापेट्या मोजल्या. जितक्या पेट्या, तितके गुण वजा. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी एकूण एक पेटी हलवली. पेटी नाही म्हणजे कचरा नाही, हे समितीला पटलं, प्राचार्यांना पटलं, वर्तमानपत्रालाही पटलं. कचऱ्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तो होत राहिला. प्रत्येकाने आपापला कचरा घरी न्यावा असं ठरलं आणि प्रत्येकाने तो बाबांच्या टेबलावर आणून ठेवला, कारण बाबा त्या विषयाचे विभागप्रमुख होते.

ते मुळात इतिहासाचे. इतिहासाला मुलं येईनाशी झाली तेव्हा तो विभाग बंद झाला आणि एक प्राध्यापक शिल्लक राहिला. कॉलेजात काहीही वाया जाऊ द्यायचं नाही असं नुकतंच ठरलं होतं. सबब, बाबांची नेमणूक 'शाश्वत द्रव्य व्यवस्थापन' या नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रमावर झाली. बाबांनी तक्रार केली नाही. मी तसंही जुन्या वस्तूंबद्दलच बोलत होतो, म्हणाले.

अभ्यासक्रमाचा उद्देश उच्च शिक्षणाला पुनर्वापराच्या क्षेत्रातील करिअरशी जोडणे हा होता. पहिली बॅच बाहेर पडली आणि जोडणीला निघाली. समोरच्या भंगारवाल्याने मुलांचं नीट ऐकून घेतलं, हातगाडी कुणाकुणाची स्वतःची आहे असं विचारलं आणि मुलांनी पदनाम काय असेल असं विचारल्यावर सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. नगरपालिकेने कळवलं की कचऱ्याला मंजुरी आहे, पदांना नाही. तेव्हा करिअर समन्वयकांना उपाय सुचला. दुसऱ्या बॅचला शिकवायला शिक्षक लागणार होतेच. पहिली बॅच सगळीच्या सगळी तिथे लागली. तिसरीला शिकवायला दुसरी लागली. सगळ्यांना नोकऱ्या, तीही याच क्षेत्रात. माल बाहेर न जाता आतल्या आत फिरत राहतो याला अभ्यासक्रमात आदर्श साखळी म्हणत, आणि समितीनेही तसा शेरा मारला.

एकच प्रकरण आड येत होतं. शेवटचं. त्याचं नाव 'वस्तूचा अंत', आणि ते बाबा शिकवत. काही वस्तू कितीही वळवल्या तरी एक दिवस संपतात, तेव्हा त्या नीट निरोप देऊन संपवाव्या लागतात, एवढंच त्यात होतं. प्राचार्यांना ते नकारात्मक वाटलं. प्रकरण गाळण्यात आलं आणि यापुढे कोणत्याही वस्तूला शेवट नसून फक्त 'पुढचा टप्पा' असेल, असं परिपत्रक निघालं. ते परिपत्रक बाबांनी चुरगळून पिशवीतून घरी आणलं होतं.

त्या दिवशी दुपारी शिकवता शिकवता बाबा खुर्चीत बसले. मुलांना वाटलं, सर विचार करताहेत. सर कधीकधी बराच वेळ विचार करत, म्हणून मुलं थांबली. मुख्य फाटकावर तेव्हा समितीचं स्वागत चालू होतं, त्यामुळे रुग्णवाहिका मागच्या फाटकाने आत आली आणि तिथूनच बाहेर गेली. मी बल्ब घेतला होता. तो माझ्या पर्समध्येच राहिला.

नंतर घरी माणसं येत राहिली. ते कुठे गेलेत, इथेच आहेत, असं सगळे म्हणाले. आपल्या आठवणीत आहेत, मुलांच्या यशात आहेत, समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून तिथेही आहेत म्हणाले. शेजारच्या काकूंनी तर नेहमीच्या सवयीने त्यांच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवली. मी कुणाला नावं ठेवत नाही. तुम्ही आला असतात, तर तुम्हीही हेच म्हणाला असतात. मीही मान हलवत होते. आई मात्र रोज सकाळी एक रिकामी पिशवी घडी घालून दाराशी ठेवायची आणि थोड्या वेळाने उचलून आत न्यायची.

मला बाबांचा दिवा हवा होता. बाकी काही नको होतं. सायकलचा दांडा, दुधाच्या चेपलेल्या भांड्याची टोपी आणि कुठल्याशा पंख्याचा तळ एकत्र करून तो त्यांनी माझ्या परीक्षांसाठी बनवला होता. माझं सगळं वाचन त्याच्याखाली झालं. मला नोकरी लागली तेव्हा, आता तुला लायब्ररीचे दिवे आहेत, असं म्हणून ते तो कॉलेजात घेऊन गेले होते.

हेडक्लार्कने दिवा ओळखला, पण देता येणार नाही म्हणून सांगितलं. दिवा साखळीत होता. साखळीतून वस्तू बाहेर जायची तर ती कचरा म्हणून जाणार, आणि कॉलेजात कचरा नाही.

"पण तो आमच्या घरचा आहे," मी म्हटलं.

"मॅडम, घरचा असेल. आता तो द्रव्य आहे."

तो प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवला होता. परीक्षेत कुणीतरी तो सुटा करणार होतं. सरांच्या वस्तू सरांच्या वारसाला मिळत नाहीत का, असं मी विचारलं. त्याने फाईल उघडली आणि अडचण समजावून दिली. पद रिक्त दाखवलं तर समिती ती साखळीतली गळती धरते, सबब सर अजून पटावर होते. त्यांच्या नावापुढे 'पुढच्या टप्प्यात' असं लिहिलं होतं. जे पटावर आहेत त्यांना वारस कसा असेल? वस्तूला हात लावायचा अधिकार फक्त विद्यार्थ्यांना.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती गालातल्या गालात हसली, किती तरी दिवसांनी.

"मग घे ॲडमिशन," ती म्हणाली. "घरात एवढा कचरा आला, एक पदवी आली तर काय बिघडलं."

मी प्रवेश घेतला. वर्ग बाबांच्याच खोलीत भरे. वेळापत्रकावर त्यांचंच नाव होतं आणि शिकवायला पहिल्या बॅचचा एक तरुण यायचा. तो खुर्चीत बसत नसे, उभा राहूनच शिकवी. सर आले तर, म्हणायचा, आणि मग फळ्याकडे वळायचा. वाईट शिकवायचा नाही. मध्येच थांबायचा, विचार करायचा. कुणाकडून शिकला ते कळत होतं.

परीक्षेला मी दिवा निवडला. परीक्षक दुसऱ्या बॅचच्या बाई होत्या. टेबलावर दिवा, शेजारी पाना आणि पक्कड. प्रश्न सगळ्यांना एकच होता.

"या वस्तूचा पुढचा टप्पा सांगा आणि त्यानुसार सुटी करा."

"पुढचा टप्पा नाही," मी म्हटलं.

बाईंनी मदतीचा प्रयत्न केला. दांड्याचं काही होईल, भांड्याचं काही होईल, निदान शोभेची वस्तू?

"नाही. हिचं काम झालं. ही संपली."

बाईंशेजारी उभ्या असलेल्या पहिल्या बॅचच्या तरुणाने खाली पाहिलं. ते गाळलेलं प्रकरण तो बाबांकडेच शिकला होता. बाईंनी मला शून्य दिलं, ते योग्यच होतं. पण शून्याबरोबर शेराही लिहावा लागतो, आणि पुढचा टप्पा नसलेल्या वस्तूला एकच शब्द होता. त्यांनी तो लिहिला. कचरामुक्त आवारात अधिकृत कचरा निघाला. हेडक्लार्क धावत आला, मागून प्राचार्य आले. दुपारी समिती येणार होती. हे ताबडतोब बाहेर न्या, प्राचार्य म्हणाले, आणि दिव्यावर टाकायला स्वतःचा रुमाल काढून दिला.

असा तो दिवा मला मिळाला.

विद्यार्थ्यांचं येणं-जाणं मागच्या फाटकाने असे, त्यामुळे मुख्य फाटकावर मी इतक्या दिवसांत प्रथमच आले; तिथे पहारेकरी उभा होता. हा जुना माणूस, मला लहानपणापासून ओळखणारा. रुमालाखालचा दिवा पाहून त्याचा चेहरा खुलला. थांबा ताई, म्हणत तो केबिनमध्ये गेला आणि पिशव्या बाहेर काढू लागला. एकावर एक, तोंडं नीट बांधलेल्या. सबंध कॉलेजाचा इतक्या दिवसांचा कचरा होता तो. आपल्या ऑफिसातली टोपली संध्याकाळी भरलेली असते आणि सकाळी रिकामी, याचं तुम्हालाही कधी नवल वाटलं नसेल. कॉलेजातही कुणाला वाटलं नव्हतं.

"सगळे इथेच आणून देतात आता," तो म्हणाला. "म्हटलं, सर येतील तेव्हा नेतील. पुढच्या टप्प्यात गेले असा बोर्ड वाचला. बढती झाली ना? मोठ्या माणसाला पिशव्या न्या म्हणायचं बरं दिसत नाही, पण सरांचं वेगळं आहे. कधी येतील?"

मी दिवा खाली ठेवला. दोन पिशव्या एका हातात घेतल्या, दोन दुसऱ्या.

"येणार नाहीत, काका," मी म्हटलं. "बाबा वारले."