पालथे सासरे, उभं कॉमिक

मला काहीही वाचता येतं! ही बढाई नाही, हा माझा धंदा आहे. मी एका दैनिकात मुद्रितशोधक आहे. म्हणजे तुम्ही उद्या जे वाचणार, ते मी आजच चुकांसकट वाचून बसलेला असतो. अग्रलेख, बाजारभाव, हरवलेल्या माणसांच्या जाहिराती, संपादकांचं अक्षर... सगळं! त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "अहो, बाबांना जरा कॉमिक वाचून दाखवाल का?" तेव्हा मी इतका हसलो की चहा नाकात गेला.

"कॉमिक? अगं, चित्रांचं पुस्तक ते! डुलक्या घेत वाचीन मी!"

"आधी कधी वाचलंय?"

"त्यात वाचायचं काय असतं?"

बायको काही बोलली नाही. तिचं हे काही न बोलणं मला नंतर फार महागात पडलं.

चौकट: पलंगावर पालथे सासरे. फक्त पाठ दिसते. पाठसुद्धा चिडलेली आहे.

बाबा, म्हणजे माझे सासरे, अग्निशमन दलातून निवृत्त झाले. घंटा वाजली की उडी मारायची, या एका तत्त्वावर त्यांनी आयुष्य काढलेलं. आता त्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला, आणि तो पडद्याला नीट टेकून राहावा म्हणून त्यांना पालथं पडून राहायचं होतं. पट्टी सुटेपर्यंत!

"मान वर केलीत की बुडबुडा हलणार," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "बुडबुडा हलला की पडदा गेला. पडदा गेला की डोळा गेला. दुसरा डोळा तर तुमचा नावालाच आहे. तेव्हा काय ते ठरवा!"

बाबांनी ठरवलं ते असं: पडून राहीन, पण 'कुलूपवाली'चा शेवटचा भाग वाचून दाखवायचा. नाहीतर उठून, भिंग लावून, स्वतः वाचीन!

कुलूपवाली म्हणजे त्यांच्या आवडत्या कॉमिकची नायिका. जगातलं कुठलंही कुलूप उघडणारी. तिच्या भावाला शिट्टीवाला नावाच्या बुरखाधारी बदमाशानं तिजोरीत कोंडलेलं. आधीच्या सगळ्या भागांत ती त्याला शोधत होती, आणि बाबा तिच्यामागून धावत होते. नेमका ऑपरेशनच्या दिवशी शेवटचा भाग हातात आला. पोरका झालेला माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाठमोरं पाहिलं.

आम्ही दोन पलंग जरा लांब ओढले, मधल्या फटीत गोल उशी ठेवली, उशीत बाबांचं तोंड. त्यांच्याशी बोलायचं तर खाली जमिनीवर उताणं पडायचं! मी पडलो. मोटार दुरुस्त करणारा गाडीखाली शिरतो तसा. वर सासऱ्यांची हनुवटी, हातात कॉमिक.

"हं, सुरू करा जावईबापू."

बाबांना धीर नव्हता, म्हणून शेवटचं पान आधी उघडलं. त्यावर तीन कॉलम होते. प्रत्येकात तीन चौकटी, एकाखाली एक. कॉलम दिसला की माझे डोळे आपोआप वरून खाली घरंगळतात. नोकरीच तशी आहे. घसा साफ केला आणि लागलो खाली उतरायला.

"दादा, आत आहेस का?"

"कोण बोललं?"

"पुस्तक बोललं!"

"अहो, संवादाच्या प्रत्येक फुग्याला शेपटी असते. ती ज्याच्या तोंडाकडे जाते, तो बोलतो."

फुग्यांना शेपट्या असतात! इतकी वर्षं छापील मजकुरात घालवली, कुणी सांगितलं नव्हतं. मी डोळे बारीक केले. "कुलूपवाली बोलली. तिजोरीच्या दाराला कान लावून उभी आहे."

"अस्सं! पुढे?"

"हात वर! शेपटी चौकटीच्या बाहेर जाते."

"बाहेर? म्हणजे बोलणारा दिसत नाही!" बाबांचा श्वास जोरात आला. "पुढे, पुढे!"

"चल, घरी जाऊ. हा एक मिशीवाला आहे. दारात उभा."

"दादाला मिशी आहे!"

"पुढचा कॉलम. इथं काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"शब्द नाहीत. नुसता हात आहे, कुलपावर. पुढे... खण्ण्ण्ण्ण! 'ण' उगाच चारदा पडलाय, छापखान्याची चूक. खण, असं समजा."

"मुळीच समजणार नाही! चार 'ण' म्हणजे चार 'ण'! काय आपटलं?"

"किल्ल्यांचा जुडगा. हवेत आहे. मग ती दोघं मिठी मारतात, पुन्हा शब्द नाहीत. मग तिजोरीच्या दारातून फुगा येतो: कोण? मग बुरखेवाला खाली पडतो: आई गं! मग शेवटची चौकट. रिकामी."

"रिकामी नसते कधी. नीट बघा."

मी बघितलं. "जमिनीवर शिट्टी पडलीय. आसपास कुणी नाही."

मग हनुवटी थरथरली.

"काय चित्रकार आहे! जिच्या आवाजानं आम्ही इतके भाग थरथर कापत होतो, ती शिट्टी अशी धुळीत! आणि एक शब्द लिहिला नाही हो! तुम्ही असतात तर लिहिला असता."

खरंच लिहिला असता. चांगल्या तीन ओळी लिहिल्या असत्या आणि जागा नाही म्हणून त्यातल्या दोन कापल्या असत्या. मी ती शिट्टी परत एकदा पाहिली. छोटीशी होती, पण सगळं पान तिच्याकडे वळून बघत होतं.

"पण थांबा!" बाबा ओरडले. "दादा बाहेर येऊन 'घरी जाऊ' म्हणाला, मिठी झाली, आणि त्यानंतर तिजोरीतून 'कोण?' असा आवाज आला. मग तिजोरीत आहे कोण?"

मला काय ठाऊक? छापलंय तसं वाचतो मी.

"आणि 'हात वर' म्हटल्याबरोबर दादाच समोर! म्हणजे, जावईबापू... दादा हाच शिट्टीवाला!!"

मान उचलली गेली. दार उघडून बायको धावली. "मान खाली, बाबा!" मान खाली. बुडबुडा वाचला. मी उताणाच, छातीवर कॉमिक, अपघातातल्या माणसासारखा.

चौकट: जमिनीवर तीन उताणी माणसं. वर एक हनुवटी.

बातमी पसरायला एक फोन पुरला. बाबांचं कॉमिकमंडळ आहे: ते, टपालकाका आणि शिवणवाल्या बाई. टपालकाकांनी सगळा जन्म दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोचवली. कॉमिक मात्र बाबांच्या हातून सुटायच्या आत उघडतात. शिवणवाल्या बाईंचं दुकान कोपऱ्यावर. गळ्यात टेप घालूनच आल्या. दोघं माझ्या दोन बाजूंना आडवी झाली. शेवटचा भाग दोघांनीही वाचलेला नव्हता. पहिला मान बाबांचा, असा नियम.

"दादा शिट्टीवाला? अशक्य!" टपालकाका म्हणाले. "तिसऱ्या भागात तो तिच्यासाठी रडलाय!"

"रडतानाच संशय आला होता मला," बाई म्हणाल्या. "आणि त्याच्या कोटाची शिलाई बघा, शिट्टीवाल्याच्या कोटाला तशीच दुहेरी टीप आहे!"

जुने भाग खाली काढले गेले. तपासणी झाली. आणि खरंच हो! दादा आणि शिट्टीवाला एका चौकटीत कधीच एकत्र नव्हते! (दादा कोंडलेला होता, शिट्टीवाला बाहेर फिरत होता, एकत्र असणार कसे? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी आता मंडळाचा अधिकृत वाचक होतो, डोक्यात हवा गेली होती!)

मग पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि पान उलटावं तशी कथा आणखी गहन होत गेली. माणसं आधी विव्हळत, मग मार खात. कुलूपवाली समुद्रात बुडून वर आली आणि मग बोटीत चढली. प्रत्येक घोटाळ्यावर वरून दाद यायची: "वा! आधी उत्तर, मग प्रश्न! असं कुणी केलं नव्हतं!"

आणि महत्त्वाचं म्हणजे बाबा हलेनात! ज्या माणसाला जेवणाच्या पाटावर बसवणं कठीण, तो तिजोरीत कोण आहे याचा विचार करत निश्चल पडून राहिला. नर्सबाई डोळ्यात औषध घालून गेल्या आणि म्हणाल्या, "इतका शहाणा पेशंट मी पाहिला नाही."

मग शिवणवाल्या बाईंनी प्रकाशनाला फोन लावला, तिथून चित्रकाराचा नंबर मिळवला आणि त्याला खुद्द पलंगाखालून अभिनंदन कळवलं.

"दादालाच शिट्टीवाला केलंत! हात आहे की काय आहे!"

"पण मी तर..." पलीकडून आवाज आला. "तसं काही मी काढलेलं नाही हो."

बाईंनी फोनवर हात ठेवला. "नाही म्हणतोय."

"म्हणणारच!" वरून बाबा. "मोठा कलाकार आपलं गुपित कबूल करतो होय?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग चित्रकार हळूच म्हणाला, "पुन्हा एकदा सांगता का? मी लिहून घेतो."

त्याच संध्याकाळी बायको चहा घेऊन आली, खाली वाकली, माझ्या बोटाकडे बघितलं. बोट कॉलमवरून खाली चाललं होतं. तिनं कप ठेवला, माझा पाय धरला आणि मला पलंगाखालून ओढून थेट स्वयंपाकघरात नेलं.

"अहो, आडवं वाचतात ते!"

"काय आडवं?"

"एक ओळ आडवी, मग खालची ओळ! ही बातमी नाही!"

मी तेच शेवटचं पान वाचलं. आडवं. ती दाराला कान लावते: दादा, आत आहेस का? कुलपावर हात. आतून: कोण? मग मागून शिट्टीवाला: हात वर! जुडगा, खण्ण्ण्ण्ण, चारही 'ण' हवेच! आई गं! दार उघडतं. चल, घरी जाऊ. मिठी. शिट्टी.

माझ्या अंगावर काटा आला! तो कुलपावरचा मुका हात... मी त्याला 'काही नाही' म्हणालो होतो! 'आहेस का' आणि 'कोण' या दोन फुग्यांच्या मधे तिची सगळी भीती त्या हातात थांबली होती. त्या चित्रकारानं एका पानावर, नऊ चौकटींत, काय केलं होतं हो! ओट्याला टेकून मी सबंध भाग वाचला. चहा गार झाला, आमटी उतू गेली.

"जाऊन सांगतो बाबांना!"

बायकोनं दार अडवलं. "आणि ते उठून बघायला लागले तर? पट्टी सुटायचीय अजून. शेवटचा डोळा आहे तो त्यांचा. उभंच वाचा!"

"पण हे चुकीचं आहे!"

"जन्मभर चुका काढल्यात ना? आता थोड्या घाला."

तुम्हाला कल्पना नाही, चुकीचं वाचणं किती अवघड असतं! आडवी गंमत समोर दिसतेय आणि मी घाम पुसत खाली उतरतोय! एकदा चुकून बरोबर वाचलं, तर टपालकाका म्हणाले, "हा तुकडा जरा बाळबोध वाटला." मी पुन्हा खाली उतरलो. बाबा पडून राहिले. डाव एका डोळ्याचा होता. चित्रकाराची मी मनातल्या मनात रोज माफी मागत होतो.

आणि पट्टी सुटली.

चौकट: शब्द नाहीत. बाबा सरळ बसलेत. भिंतीकडे बघतात. मग लेकीकडे. मग बराच वेळ लेकीकडेच.

"पडदा पक्का बसलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कसं काय पडून राहिलात?"

बाबा चपला शोधायला लागले होते. घरी येताच त्यांनी कॉमिक उघडलं. मंडळ श्वास रोखून बसलेलं. मी चपला घालून दारात, गरज पडली तर पळायला तयार. बाबांनी पानं उलटली. डोळे डावीकडून उजवीकडे चालले होते. शेवटपर्यंत. पुस्तक मिटलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "फार सुंदर काढलंय. पण..."

"पण काय, बाबा?"

"दादा अगदीच साधा निघाला हो."

टपालकाकांनी मान हलवली. शिवणवाल्या बाईंनी टेपच्या टोकानं डोळे पुसले. मग बाबांनी कपाटातून दुसऱ्या मालिकेचा कोरा करकरीत पहिला भाग काढला, माझ्या हातात दिला, आणि स्वतः, काहीही गरज नसताना, पलंगावर जाऊन पालथे पडले!

"वाचा जावईबापू. आपल्या पद्धतीनं."

दोघं लगबगीनं जमिनीवर आडवी झाली. मीही झालो. पान उघडलं आणि पहिल्या चौकटीतच असा देखणा पाऊलठसा होता, की त्याच्यामागे डोळे आडवे धावत सुटले ते थांबेचनात. चोर आला, चोरी झाली, चोर पळाला. सगळं क्रमानं, सगळं नीट कळलं.

टपालकाका उठून बसले.

"गेले," शिवणवाल्या बाई हळूच टपालकाकांना म्हणाल्या. "चांगले वाचत होते हो. यांना कुणीतरी शिकवलं!"