मगदूम सरांची ठिगळं

आमच्या इमारतीत कुणी जिना उतरू लागलं, की दुसऱ्या मजल्यावरचे मगदूम सर दार उघडून बजावतात, "सावकाश. भोकं पडाय लागल्यात."

भोकं जिन्याला नव्हे, आपल्या मांड्यांतल्या पेशींना. सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. उतरताना ताणानं पेशीचं पातळ आवरण फाटतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि त्या इशाऱ्यासरशी आतल्या चिमुकल्या पिशव्या धावत येऊन भोकाला ठिगळ लावतात. तेही काही सेकंदांत.

"ठराव न्हाय, सभा न्हाय," सर म्हणतात, "सोसायटीनं शिकावं."

हा टोमणा होता. जिन्याला भिंतीकडूनही कठडा बसवा, म्हणून सर दोन वर्षं सोसायटीच्या मागे लागले होते. चेअरमन म्हणजे शेजारच्या तालमीचे वस्ताद. त्यांना पटवायला सरांनी तालमीतच व्याख्यान दिलं. पैलवानांनी तासभर ऐकून 'कॅल्शियम' एवढंच उचललं आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाचा खुराक दुप्पट केला.

वस्ताद येऊन म्हणाले, "सर, आता भोकांचं काढू नगासा. म्हशी कमी पडाय लागल्यात."

मी चळवळीतल्या पत्रकांवर वाढलेला. 'कठडा ही भीक नव्हे, हक्क आहे' असं पत्रक काढून दारोदार सरकवलं. सरांनी ते लाल पेनानं तपासून परत दिलं. "हक्क ऱ्हाऊ दे. पेशी कुठं हाय ह्यात?"

वार्षिक सभेत वस्तादांनी विचारलं, "ठिगळं आपोआप लागत्यात म्हणतासा न्हवं? मग कठडा कशाला?"

सगळे हसले. सर उभे राहिले.

"सगळ्यांची लागत न्हाईत," ते म्हणाले. "आमच्या हिच्या पेशीत ठिगळ लावणारं एक प्रथिन जन्मापास्नं न्हाय. फाटलं की फाटलंच. दोन वर्षं झाली, खाली उतरली न्हाय. लोक म्हणत्यात, आळशी हाय. म्हणून सांगत सुटतो, दुसरं काय."

मी 'हक्क' छापला होता. कुणाचा, ते विचारायचं राहिलंच होतं.

कठडा वस्तादांनी स्वतः उभं राहून बसवून घेतला. त्याच संध्याकाळी मगदूम काकू दोन्ही हातांनी धरत उतरू लागल्या. सर पुढे, तोंड त्यांच्याकडे करून, उलटे उतरत होते. शेवटच्या वळणानंतर काकू पायरीवर टेकल्या.

"किती ऱ्हायल्या वो?"

सरांनी मागे वळून पाहिलं. पेपर तपासताना अर्धा मार्कही फुकट न देणारा माणूस.

"चार," ते म्हणाले.

मी खाली उभा होतो. सात होत्या.