एका ओढ्याचे दोन राइव्हल

एका जंगलात एक ओढा होता. सिंह कुठाय म्हणून लगेच ओरडू नका. सिंहही होता, जंगलाला तो लागतोच. पण गोष्ट त्याची नाही. गोष्ट आहे सुंद्राक्का नावाच्या साळिंदराची. नीट बसा आणि मधे मधे बोलू नका.

सुंद्राक्का ओढ्याच्या अलीकडच्या काठावर राहायची. पलीकडच्या काठावर भिकोबा रानडुक्कर. दिवस कलला की ती हाक मारायची, "भिकोबा, आहेस का रे?" तो म्हणायचा, "आहे की अक्का, जातोय कुठं!" मग दोघं पाणी पीत पीत अख्ख्या जंगलाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. अक्काला दिवसभरात हीच वेळ सगळ्यात आवडायची.

उन्हाळ्यात ओढा आटायला लागला की दोघं मिळून गाळ उपसायची. मोठे धोंडे भिकोबा नाकाडानं ढकलायचा. कपारीतला बारीक गाळ अक्का नखांनी कोरून काढायची. त्याचं नाकाड कपारीत शिरत नसे आणि तिच्याच्यानं धोंडा हलत नसे. दोघं होती म्हणून ओढ्याला पाणी होतं. हे लक्षात ठेवा हं, पुढं लागणार आहे.

तर अशा या सुखी जंगलात इंग्रजी शिरलं. कसं शिरलं विचारू नका, ते कुठंही शिरतं. कोल्ह्याची पोरं आईला मम्मी म्हणायला लागली. घुबडानं ढोलीवर इंग्रजीत पाटी लावली. आणि एके दिवशी शहरातून वाघुळे सर आले.

वाघुळे सर म्हणजे वटवाघूळ. एका जुन्या शाळेच्या छपराला ते जन्मभर लटकलेले. खाली पाद्रीबाबा पोरांना लॅटिन शिकवायचे, वर हे उलटे ऐकायचे. आल्या आल्या सिंहानं त्यांना दरबारात बोलावलं आणि आपला दंड फुगवून विचारलं, "याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"मसल, महाराज. शब्द लॅटिनमधून आलाय. मूळ अर्थ, छोटा उंदीर. दंड फुगला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं ना, म्हणून."

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. सर जे तिथून उडाले ते थेट आपल्या ओढ्याकाठच्या उंबरावर येऊन लटकले. महाराजांनी त्या दिवसापासून उशाशी एक रानमांजर ठेवलंय म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

उंबराखाली सरांचा वर्ग सुरू झाला. रात्रभर सर फळं शोधत फिरायचे, म्हणून वर्ग भरायचा सूर्य उगवताना. पहिल्या दिवशी सुंद्राक्का अगदी पुढं येऊन बसली. आपल्याला इंग्रजी येत नाही याची तिला भारी लाज वाटायची. भिकोबा मागं बसला, कारण तो कुठंही मागंच बसायचा.

"तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?" सरांनी विचारलं.

"शेजारी," अक्का म्हणाली.

"एकाच ओढ्याचं पाणी पिता?"

"हो तर! पहिल्यापासून."

"मग तुम्ही राइव्हल!" सर आनंदानं गदगदा हलले. "लॅटिनमध्ये रिव्हस म्हणजे ओढा. एका ओढ्यावर पाणी भरणारे ते रिव्हालिस. त्यावरून इंग्रजी राइव्हल. राइव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी, वैरी. आता यातली खरी गंमत अशी, की..."

एवढ्यात ऊन वर आलं आणि सरांना झोप लागली.

गंमत राहिली बाजूला. अक्का नि भिकोबा एकमेकांकडं बघत बसली.

"अगं बाई," अक्का हळूच म्हणाली, "आपण वैरी आहोत?"

"असणारच की अक्का. इंग्रजीत आहे म्हटल्यावर!"

"आणि त्याच्याही खाली लॅटिन आहे."

"लॅटिन आहे म्हणजे तर संपलंच."

अक्काला रडू यायला लागलं. एवढी वर्षं आपण वैऱ्याशी हसून बोलत होतो! किती अडाणी आपण! त्या संध्याकाळी तिनं भिकोबाला हाक मारली नाही. मारली ती दुसऱ्या दिवशी. पण कशी? "अहो भिकोबा, तुमच्या पिण्याचा आवाज फार होतो. जरा सभ्यपणानं प्यावं."

ऐकलंत? 'अहो' म्हणाली! 'तुमच्या' म्हणाली! भिकोबाच्या घशात पाणी अडकलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर तो हसला असता. हे 'अहो' मात्र त्याला लागलं.

"बरं, सुंद्राबाई," तो म्हणाला, "तुम्हीही तुमचे काटे जपून झाडा. पाण्यात पडतात."

त्या रात्री दोघांनाही झोप आली नाही. पण अभ्यास तर करायलाच हवा! अक्का पुन्हा वर्गात गेली. "सर, या ओढ्यातून आणखी काही शब्द निघतात का हो?"

"निघतो की! डिराइव्ह. ओढ्यातून पाणी काढून दुसरीकडं नेणं, असा मूळ अर्थ. आपण पाट फोडतो ना, तसं. पण आता..." सर पुन्हा झोपले.

अक्कानं घरी जाऊन पाट खणायला घेतला. तिकडं भिकोबानंही घेतला, तोही मागं बसून ऐकत होता ना! अर्धा ओढा तिच्या दाराशी गेला, अर्धा त्याच्या. मधला गाळ कुणीच उपसला नाही. वैऱ्याबरोबर गाळ कोण उपसणार? आणि उन्हाळा काही इंग्रजी शिकला नव्हता, तो आपल्या वेळेला आला. तिचा पाट वाळूत मुरला. त्याचा चिखल झाला आणि मग चिखलाचीही ढेकळं झाली.

अक्काच्या घशाला कोरड पडली. पाटाची आशा सोडून ती कोरड्या ओढ्यात उतरली. समोरून भिकोबा उतरला. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. काय बोलावं ते लॅटिनमध्ये सांगितलेलं नव्हतं.

"भिकोबा," ती म्हणाली, "वाळलास की रे!"

'रे' ऐकलं आणि त्या एवढ्या थोरल्या डुकरानं भोकाड पसरलं.

मग दोघांनी जाऊन उंबर गदागदा हलवला. सर खडबडून जागे झाले.

"ती खरी गंमत काय होती?" अक्कानं दरडावून विचारलं.

"कुठली? हां, ती! अहो, ते रिव्हालिस मुळात नुसते शेजारीच होते. एका ओढ्यावरचे. भांडण त्या शब्दाला मागाहून चिकटलं."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"झोप लागली हो," सर म्हणाले.

अक्काचे सगळे काटे उभे राहिले होते. पण तहान रागापेक्षा मोठी होती. दोघं ओढ्यात परत आली. भिकोबानं धोंडे ढकलले, अक्कानं कपार कोरली, वाळूत खोल झिरा खणला. बऱ्याच वेळानं तळाशी ओल आली. मग ओंजळभर पाणी साठलं. "आधी तू पी," अक्का म्हणाली. "छे, आधी तू," भिकोबा म्हणाला. शेवटी दोघांनी तोंड घातलं आणि टाळकी आपटली.

भिकोबानं कुठूनसा एक कंद उकरून आणला. दोन तुकडे केले. खात खात जंगलाच्या उखाळ्यापाखाळ्या पुन्हा सुरू झाल्या. हे उंबरावरून सरांनी बघितलं आणि त्यांना राहवेना.

"वा वा! तुम्हा दोघांना लॅटिनमधून आलेला एक फार सुंदर शब्द आहे! कंपॅनियन! त्यात कॉम म्हणजे सोबत, आणि पानिस म्हणजे..."

"नको!" दोघं एकदम ओरडली. अक्कानं आपल्या वाट्याचा तुकडा मोडला, भिकोबा मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्यानं तो सरांच्या तोंडात कोंबला.

पानिस म्हणजे भाकरी. एका भाकरीतली वाटून खाणारे ते कंपॅनियन. हे तुम्हाला म्हणून सांगितलं. त्या तिघांना अजून माहीत नाही. म्हणजे सरांना माहीत आहे, पण ते चावतायत.

तात्पर्य: विद्वानांचा नेहमी मान राखावा. ते बोलायला लागले की त्यांना आग्रह करकरून खाऊ घालावं आणि घास संपायच्या आत दुसरा द्यावा. शेजाऱ्याशी भांडायची फारच हौस असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्यांना अर्धं बोलू द्यावं आणि मग झोपू द्यावं.